ठेंगणी

“कुशीवर चिकटलाय तो,” यशोधन म्हणाला. “पद्मे, लक्ष कुठं आहे तुझं?”

मी खाली बघितलं. खरंच की. उंदराचा मेंदू असतो पेवंदी बोराएवढा. तो मशीनच्या ठोकळ्यावर गोंदानं उभा चिकटवायचा, म्हणजे पात्याखाली त्याच्या काकडीसारख्या गोल चकत्या पडतात. मी बोलण्याच्या नादात तो आडवा, कुशीवर ठेवला होता. आणि आमचा गोंद असा, की एकदा धरलं की धरलं.

“टाकून दे,” यशोधन म्हणाला. “सरांना कळायच्या आत.”

“टाकू कसा? जीव गेलाय त्याचा. शिवाय आतली पेशी मिळवायला आख्खा दिवस घालवलाय मी.”

“मग काय करणार?”

“कापणार. कुशीवर तर कुशीवर.”

“तुझ्या हट्टाला औषध नाही,” असं म्हणून तो त्याच्या टेबलाकडं गेला.

मी पद्मजा चौगुले, गडहिंग्लजची. तेव्हा पुण्यात परांडेकर सरांकडं पीएचडी करत होते. ही गोष्ट जुनी आहे, प्रयोगशाळेत संगणक एकच होता आणि त्याला हात लावायचा तरी सरांना विचारावं लागायचं तेव्हाची. आमचा विषय म्हणजे उंदराच्या मध्यमेंदूचे वरचे थर. उंदराच्या डोक्यावरून घारीची सावली सरकली तर तो बिळाकडं पळतो, आणि समोरून झुरळ गेलं तर त्याच्याच मागं लागतो. पळायचं की धरायचं, हे झटक्यात ठरतं ते बरंचसं या थरांच्या जोरावर. डोळ्यांकडून आलेली बातमी तिथं उतरते आणि तिथल्या पेशी ती आपापसांत वाटून घेतात.

या पेशी चार तऱ्हेच्या. त्यांना इंग्रजीत भारदस्त नावं आहेत, पण आमच्याकडं चालायची ती सरांनी पाडलेली. वर हात पसरून बसलेली ती छत्री. सरळसोट, बारीक, ती उदबत्ती. चारी दिशांना आखूड हात टाकणारी ती चांदणी. आणि लांबच लांब हात थराच्या अंगानं पसरून निजलेली ती आडवी. मी मराठी शाळेतून आलेली. पहिल्या वर्षी इंग्रजीत बोलायचं म्हटलं की माझी दातखीळ बसायची. सरांनी मला सगळं मराठीत शिकवलं, हसू दिलं नाही कुणाला. त्या माणसासाठी मी काय वाटेल ते केलं असतं, आणि केलंही होतं.

सरांना आता पाचवी तऱ्हा सापडली होती. ठेंगणी.

ठेंगणीचं कोडं गमतीचं होतं. आम्ही उंदराला गुंगी द्यायचो, त्याच्या डोळ्यांपुढच्या पडद्यावर काळा ठिपका फिरवायचो आणि काचेच्या बारीक सुईनं एकेका पेशीचं बोलणं ऐकायचो. पेशी बोलली की स्पीकरमधून लाह्या फुटल्यासारखा आवाज यायचा. बहुतेक पेशी ठिपका ठरावीक जागी आला तरच बोलायच्या. ही मात्र ठिपका पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठंही असो, तडतडत राहायची. मग त्याच सुईतून तिच्यात रंग सोडायचा, मेंदू काढून चकत्या पाडायच्या आणि काचेखाली बघायचं. बघावं तर हात एवढे एवढे, अगदी चिमुकले. इतके आखूड हात असताना हिला इतकं लांबचं दिसतं कसं? सर म्हणाले, ही वेगळीच आहे, जगात कुणी पाहिलेली नाही.

त्यावर पेपर लिहून तयार होता. यशोधन दाबक्याचं नाव पहिलं, माझं दुसरं, सरांचं शेवटचं. त्या पेपरवर यशोधनला जर्मनीत जागा मिळणार होती. सर पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते आणि परिषदेत त्यांचं मुख्य भाषण ठरलं होतं, विषय ठेंगणी. माझ्या प्रबंधातही तिचं प्रकरण सगळ्यात जाडजूड. मी उंचीनं बेताचीच, त्यामुळं यशोधन मलाच ठेंगणी म्हणायचा. मी म्हणायचे, जपून बोल, माझ्यावरच चाललंय तुझं सगळं.

तर त्या कुशीवरच्या मेंदूत एक ठेंगणीच होती. तिची तडतड मी स्वतः ऐकली होती, पडद्याच्या दोन्ही टोकांना. काप पडले ते गोल नाहीत, लांबट, नाकाकडून शेपटीकडं. रंग चढवून काच मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि मी तिचे आखूड हात शोधायला लागले.

हात आखूड नव्हतेच. एक पुढं गेलेला, एक मागं गेलेला. मी काच सरकवत राहिले आणि हात काही संपेना. ही तर आडवी होती. आपली नेहमीची, जुनी, पुस्तकात असते ती आडवी.

मी स्टुलावर बसून राहिले. आमची चूक कुठं होती ते मला तेव्हाच कळलं. सरांचा नियम होता, एक पेशी, एक चकती. ज्या चकतीत पेशीचं अंग सापडेल ती काचेवर घ्यायची, आजूबाजूच्या टाकून द्यायच्या. काच वाचते, वेळ वाचतो. सरांच्या गुरूंनीही असंच केलेलं. आडव्यांपैकी ज्यांचे हात पुढून मागं पसरलेले असतात, त्यांना आम्ही पात्याखाली मधोमध तोडत होतो. अंग आमच्या काचेवर, हात कचऱ्याच्या बादलीत. मग उरलेल्या थोटक्या पेशीला आम्ही कौतुकानं ठेंगणी म्हणत होतो.

यशोधनला हाक मारली. त्यानं बघितलं. खूप वेळ बघितलं.

“एखादीच असेल अशी,” तो शेवटी म्हणाला.

“असेल. सरांना दाखवते.”

“पद्मे, पुढच्या आठवड्यात तुझा सेमिनार आहे. तो झाला की प्रबंध जातो. कशाला विषाची परीक्षा घेतेस?”

“दाखवायला नको?”

“मी काय सांगणार? दाखव. पण मी बघितलं असं सांगू नकोस.”

सर त्यांच्या खोलीत प्रोजेक्टरच्या पारदर्शिकांवर रंगीत पेनानं परिषदेची आकृती काढत होते. पाच पेशी ओळीनं, पाचवी लाल रंगात. अक्षर त्यांचं मोत्यासारखं. मी सगळं सांगितलं. गोंद, कूस, लांब हात, एक पेशी एक चकती, काही ठेवलं नाही. ते ऐकत होते, पेन काही थांबलं नाही.

“म्हणजे तू मेंदू चुकीचा चिकटवलास,” ते म्हणाले.

“हो सर. पण त्यामुळंच तर...”

“एका चुकलेल्या कापावर तू माझं सहा वर्षांचं काम मोडीत काढायला आलीयस.”

“मोडीत नाही काढत. एकदा बघा, एवढंच म्हणते.”

“बघायची गरज नाही.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “सर, काच लावलेली आहे. दोन मिनिटांचं काम आहे.”

“चौगुले, मी हे थर तू शाळेत होतीस तेव्हापासून बघतोय. एक उंदीर म्हणजे पुरावा नाही.”

“बरोबर आहे. मग अजून करते. असेच, कुशीवर.”

“करायचे नाहीत.” त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “आजपासून तुझे प्रयोग बंद. तुझं काम पूर्ण झालेलं आहे. सेमिनारला उभी राहा, पाच तऱ्हा सांग, माझी सही घे, गडहिंग्लजला पेढे वाट.”

“आणि मी चार म्हटलं तर?”

“तर सही नाही.” मग शिकवताना ज्या आवाजात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, “पद्मजा, तू हुशार आहेस. पण तू मुद्दाम आडवी जातेयस.”

“पेशीच आडवी आहे सर. मी नाही.”

हे तोंडातून निघून गेलं. सरांचा चेहरा पडला, आणि मला इतकं वाईट वाटलं की तिथंच त्यांचे पाय धरावेत. पण त्याच वेळी रागही असा आला होता की पाय धरले असते तर ओढलेच असते. मी बाहेर आले.

दोन दिवस मी मूग गिळून बसले. हे मला जमत नाही, आमच्या घरात कुणालाच जमत नाही. प्राण्यांच्या खोलीची किल्ली माझ्याकडून काढून घेतली होती. मी नुसती खुर्चीवर बसून सेमिनारच्या पारदर्शिका पुसायची आणि परत लिहायची. पाच लिहिलं की हात थांबायचा. घरी फोन केला तर आई विचारायची, झालं का गं तुझं? मी म्हणायचे, होत आलंय.

तिसऱ्या दिवशी यशोधन माझ्या टेबलापाशी आला आणि झाकणाची बाटली ठेवून उभा राहिला. आत मेंदू.

“काल मिळाली एक,” तो हळूच म्हणाला. “दोन्ही टोकांना तडतडत होती. अस्सल ठेंगणी.”

“मग?”

“मग काही नाही. माझी पाठ दुखतेय, तू काप. कशी चिकटवायची ते तुझं तू बघ.”

“यशा, तुझी जर्मनी जाईल.”

“जर्मनी कुठं जातेय? असते तिथंच.” तो हसला, पण ओठ कोरडे पडले होते त्याचे. “आणि काय निघालं ते मला सांगू नकोस. उगाच रात्रीची झोप जायची.”

मी तो मेंदू जाणूनबुजून, नीट मापात, कुशीवर चिकटवला. त्यातही आडवीच निघाली, पहिलीपेक्षा लांब. मी यशोधनला सांगितलं नाही. पण मी चहा पिऊन आले तेव्हा तो माझ्या स्टुलावर बसलेला दिसला, डोळा काचेला लावून. मी परत फिरले आणि उगाच जिन्यात उभी राहिले.

सेमिनारच्या दिवशी मी आधी सरांकडं गेले. म्हटलं, समोरासमोर सांगावं, पाठीमागून नको.

“सर, मी मायक्रोस्कोप वर हॉलमध्ये नेतेय.”

ते टाय बांधत होते. आरशातूनच त्यांनी माझ्याकडं बघितलं. “कशाला?”

“दुसरा पण उंदीर तसाच निघालाय. ज्याला बघायचंय त्याला बघू दे.”

“दुसरा कुठून आला?”

“ते मी सांगणार नाही.”

“तुला कळतंय ना तू काय करतेयस ते? मी तुला घडवलंय.”

“तुम्हीच घडवलंय सर. चकत्या कापायलाही तुम्हीच शिकवलंत. म्हणून तर तीच चूक मीही इतकी वर्षं केली. आता अजून एकदा विचारते. पाच पावलांवर टेबल आहे. आत्ता बघा. तुमच्या भाषणात तुम्हीच सांगा की आमच्याकडून असं असं झालं. मी हॉलमध्ये अवाक्षर बोलणार नाही, सगळं श्रेय तुमचं.”

माझं बोलणं त्यांना पटतंय असं क्षणभर वाटलं. टायची गाठ हातात तशीच राहिली होती. मग त्यांनी ती वर ओढली.

“उशीर होतोय,” म्हणाले. “चल.”

आमचा मायक्रोस्कोप जुना, बिडाचा. तो कुशीला धरून मी दोन जिने चढले. यशोधन मागून आला आणि त्यानं खालून आधार दिला. कुणी बघितलं तर बघू दे, असा. हॉलच्या दारात त्यानं हात काढला आणि मागच्या रांगेत जाऊन बसला.

समितीच्या अध्यक्ष होत्या नसरीन काद्री मॅडम, औरंगाबादहून आलेल्या. बारीक चणीच्या, चष्मा साखळीत अडकवलेला. सर पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. मी छत्री सांगितली, उदबत्ती सांगितली, चांदणी, आडवी. मग ठेंगणीची आकृती लावली. आणि तिच्यावर दुसरी पारदर्शिका ठेवली, कुशीवरच्या कापाची. आखूड हातांच्या पुढं लांब हात बरोब्बर जोडले गेले.

हॉलमध्ये कुजबुज झाली. मी बोलत राहिले. नियम सांगितला, एक पेशी एक चकती. बादली सांगितली. माझा गोंदाचा वेंधळेपणाही सांगितला, तेव्हा मागं कुणीतरी हसलं. माझं इंग्रजी पार कोलमडलं होतं. शेवटी मी मराठीतच बोलायला लागले.

“मग किती तऱ्हा म्हणायच्या?” काद्री मॅडमनी विचारलं.

मी सरांकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते.

“चार,” मी म्हटलं. “पाचवी नाही. ती आमच्या पात्यानं तयार केलेली होती.”

काद्री मॅडम उठल्या, मायक्रोस्कोपपाशी गेल्या आणि वाकून बघू लागल्या. त्यांच्या मागं समितीतले दोघं, मग विद्यार्थी. रांगच लागली. यशोधन पण रांगेत उभा राहिला, सगळ्यांच्या देखत. जागचे हलले नाहीत ते एकटे सर.

“परांडेकर, तुम्ही?” मॅडमनी विचारलं.

“माझं बघून झालंय,” सर म्हणाले.

आता गप्प बसायला काय हरकत होती? माझं सांगून झालं होतं. म्हातारा माणूस होता, चारचौघांत स्वतःला सावरत होता. पण मला राहवलं नाही, आणि आज विचाराल तर आजही राहवणार नाही.

“नाही मॅडम,” मी म्हटलं. “सरांनी बघितलेलं नाही. मी दोनदा विनवलं, ते आले नाहीत.”

काद्री मॅडमनी चष्मा काढून साखळीवर सोडला आणि सेमिनार संपल्याचं जाहीर केलं.

पुढं काय झालं ते सांगून टाकते. मला सही मिळाली नाही. दुसऱ्या गावी, दुसऱ्या गाइडकडं, पहिल्यापासून सगळं करावं लागलं. माझ्या बरोबरीचे नोकरीला लागले, त्यांची लग्नं होऊन मुलं शाळेत जायला लागली तेव्हा माझ्या नावामागं डॉक्टर लागलं. यशोधन जर्मनीला गेला नाही, नागपूरला शिकवतो, आणि फोनवर अजूनही मला ठेंगणीच म्हणतो. तो पेपर कधी छापायला गेला नाही. सरांनी परिषदेला तब्येतीचं कारण कळवलं. माझ्याबद्दल ते पुढं कुठं वाईट बोलले नाहीत, चांगलंही बोलले नाहीत. लोक मला विचारतात, काय मिळवलंस? मी त्यांना त्या दुपारचं सांगत नाही. तुम्हाला सांगते.

हॉल रिकामा झाला. मी पारदर्शिका गोळा केल्या, प्रोजेक्टर बंद केला आणि मायक्रोस्कोपचा दिवा मालवायला गेले.

“राहू दे दिवा,” सर म्हणाले.

ते अजून तिथंच बसले होते. उठले, सावकाश आले. स्टूल ओढलं, बसले, चष्मा काढून माझ्या हातात दिला. इतक्या वर्षांत त्यांनी मला चष्मा धरायला दिला नव्हता. डोळा लावला. बारीक फिरकी बोटानं जराशी इकडं, जराशी तिकडं केली. त्या हाताला अजून सगळं येत होतं. मग ते काच सरकवायला लागले, पेशीच्या एका हाताच्या मागोमाग, केसाकेसानं.

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलचं स्टँड लावलं. सर थांबले, मग परत सरकवायला लागले.

“माझी सही मिळणार नाही तुला,” डोळा न उचलता ते म्हणाले.

“ठाऊक आहे.”

“संपली इथं?”

“नाही सर,” मी म्हटलं. “अजून थोडं उजवीकडं घ्या. बरीच आहे अजून.”